झऱ्यात टाकलेलं लाल औषध

जळू चावते तेव्हा दुखत नाही, आणि मला तिची सगळ्यात जास्त किळस येते ती याचसाठी. थांबून मोजा खाली करावा, तर घोट्यावर काळ्या द्राक्षासारखं काहीतरी आरामात बसलेलं. तासभर आपण तिला पाजत चाललेलो असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. तळकोकणातल्या त्या जंगलवाटेचं नाव काढलं की मला आधी जळू आठवते. लोक समुद्राबद्दल विचारतात. समुद्र होता, अगदी शेवटी होता. पण तिथे पोचेपर्यंत माझ्या मनात सुंदर म्हणून काही पाहायची ताकद उरली नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात आमचं एक पायी भटकणाऱ्यांचं मंडळ होतं. कचेऱ्यांत काम करणारी माणसं, दोनतीन शिक्षक. एरवी रविवारी रामटेकच्या बाजूला किंवा मौद्याकडे नदीकाठानं, आणि वर्षातून एकदा लांबची वाट. सामानाचं खातं माझ्याकडे. मीठ कोणाच्या पिशवीत, मेणबत्त्या कोणाच्या, दोरी कोणी आणायची, हे मी ठरवून चिठ्ठ्या वाटायचे. चिठ्ठी हातात पडली की लोक हसत आणि अंधार पडला की मेणबत्ती कुठे आहे ते मलाच विचारत. त्या वर्षी दसरा झाल्यावर घाटमाथ्यावरून निघायचं आणि जंगलातून उतरत उतरत समुद्रकाठच्या एका खेड्यात पोचायचं, असं ठरलं.

मंडळाचे पुढारी मूळचे उमरेडचे. घरी पूर्वी हातमाग होता, ते स्वतः रेल्वेच्या कचेरीत. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. माणूस भला, पण सकाळी उठल्यावर घसा असा खाकरायचा की झाडावरची पाखरं उडावीत. तेही माझ्या किळसांच्या यादीत होतं, पण वर नव्हतं.

त्या वर्षी मंडळाबरोबर आणखी एक काम माझ्या गळ्यात होतं. माझ्या भावाची एकुलती एक मुलगी सव्वीस वर्षांची झाली होती. कचेरीत टंकलेखनाचं काम करायची, माझ्याबरोबर भटकायची. तिला बघायला तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळा ती प्रतापनगरच्या घरात पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, बसली, उठली. चौथ्या वेळी तिनं सांगितलं, आता बशी धरणार नाही.

"मग कसं बघायचं गं त्यांनी?" माझा भाऊ म्हणाला.

"त्यांनी बघितलंच आहे फोटोत. मला बघायचं आहे. तो थकलेला, घामेजलेला, चिखलात बसलेला कसा दिसतो ते."

माझा भाऊ माझ्याकडे असा बघत राहिला, जणू ही मुलगी मीच बिघडवली. तो वर्षभरात निवृत्त होणार होता. हे स्थळ गेलं तर पुढे बिजवर येतील, ही भीती तो रोज जेवताना बोलून दाखवायचा. मुलगा नागपुरातल्या जुन्या महाल भागातला, बँकेत चांगल्या जागेवर. घराणं भोसल्यांच्या काळात आलेलं. हे त्याच्या आईनं एका बैठकीत दोनदा सांगितलं. मुलाला विडी नाही, तंबाखू नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. आणि आश्चर्य म्हणजे तो यायला तयार झाला. आईची अट एवढीच, की मुलीची आत्या बरोबर हवी. तेव्हा मी तिथे जळवा मोजायला नव्हते, ते लग्न जमवायला होते. दिवाळीपर्यंत होकार द्यायचा होता.

आता त्या वाटेबद्दल. आमचं विदर्भातलं जंगल सागाचं. दसऱ्यानंतर जमीन सुकते, पाऊल टाकलं की पान पापडासारखं मोडतं. त्यात घाण असली तरी कोरडी असते, झटकता येते. कोकणातलं जंगल म्हणजे आठवडाभर भिजत पडलेली घोंगडी. पाऊस संपला म्हणतात, पण झाडं दिवसभर ठिबकत असतात. दगडांवर शेवाळ, शेवाळावर बुळबुळीत काहीतरी, आणि त्याच्यावर आपला हात. बुटात पाणी, पाण्यात मोजा, मोज्याला वास. झोपायच्या चादरीला वास. रात्री देवळाच्या ओसरीवर दहाबारा माणसांचे ओले मोजे दोरीवर टांगलेले, आणि त्या दोरीखाली आपलं डोकं.

ही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेली नव्हती. समुद्रकाठच्या बायका सुकी मासळी टोपल्यांत घालून डोक्यावरून घाटावर विकायला नेत, त्यांची ती वाट. ठिकठिकाणी छातीएवढ्या उंचीचे दगडी कठडे होते; कोणाची मदत न घेता टोपली त्यावर टेकवता यावी म्हणून. वर्षानुवर्षं टोपल्यांतून ठिबकलेलं त्या दगडांत मुरलेलं. आम्ही शाकाहारी माणसं दम खायला नेमकी त्याच कठड्याला टेकायचो. मी एकदा टेकले. दुपारी पोळी तोंडाजवळ नेली तर हाताला तोच वास.

आमच्याच लोकांनीही कमी केलं नाही. संत्री बरोबर होती, सालं वाटभर. एकानं उष्टी पत्रावळ झाडाच्या ढोलीत खुपसली आणि वर म्हणाला, खारीला होईल. मी ती काढायला लावली. तो नुसत्या दोन बोटांनी ती धरून निघाला, जणू घाण दुसऱ्याचीच.

अशा सगळ्या चिकचिकाटात तो मुलगा मला देवानं धाडल्यासारखा वाटला. खरं सांगते, मी त्याच्यावर खूश होते. तो मोजे रोज धुऊन, पिळून, पिशवीच्या बाहेर पिनांनी अडकवायचा. त्याच्या चादरीला चार घड्या, त्याही काठाला काठ लावून. हात धुतल्याशिवाय खाणं नाही. जळू लागली की ओरडणं नाही, मिठाची पुडी काढून चिमूट टाकायची, मग तिथे औषध, मग पट्टी. गळ्यात कापडी गवसणीच्या दोन मोठ्या पाण्याच्या बाटल्या. आणि खिशात एक काचेची छोटी बाटली, तिच्यात काळेजांभळे खडे. पोटॅशियम परमँगनेट. आपल्याकडे विहिरीत टाकतात ते लाल औषध. नागपुरात पावसाळ्यात हगवणीची साथ आली की मुनसिपालटीचा माणूस वाड्यावाड्यांतल्या विहिरींत ते टाकून जायचा, मग दोन दिवस गुलाबी पाण्यानं आंघोळ. त्या पाण्यावर आम्ही सगळे वाढलो. पाणी गुलाबी झालं म्हणजे संकट टळलं, हे आमच्या हाडात मुरलेलं होतं.

"बघ," मी भाचीला म्हणाले, "असा नीटनेटका नवरा मिळायला नशीब लागतं. तुझ्या काकांचे मोजे मी तीस वर्षं पलंगाखालून काढून राहिले."

"नीटनेटका आहे," ती म्हणाली. एवढंच.

मधल्या एका दिवशी मोठा चढ होता. वाटेत झरा मिळेल म्हणून आम्ही निश्चिंत, आणि झरा काही येईना. भाचीची बाटली रिकामी झाली. माझ्याकडे घोटभर होतं, ते आम्ही दोघींनी संपवलं. तिनं त्याच्याकडे मागितलं.

"पुढे पाणी आहे असं भाऊ म्हणालेत," तो सौम्यपणे म्हणाला. "थोडं थांबलात तर बरं. माझं मी मोजून ठेवतो."

भाऊंनी मागून ऐकलं. "काहून गा, तुह्या पाण्याले सोवळं हाय काय?" सगळे हसले. तोही हसला. पाणी मात्र दिलं नाही.

रात्री मी त्याची बाजू घेतली. शिस्त ती शिस्त, उद्या सगळ्यांनी मागितलं तर त्यानं काय करायचं, वगैरे. भाची पायाला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, तो पुढे चालत होता तेव्हा त्याच्या बाटलीत पाणी वाजत होतं. दोन्ही बाटल्यांत."

पण भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून माणूस टाकायचा नसतो.

शेवटच्या दिवशी दुपारी जंगल विरळ झालं. खालून वारा आला, त्याला मीठ होतं आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. भाऊ म्हणाले, खालच्या खेड्यात एका घरी जेवण सांगितलेलं आहे, आता अर्धा कोस. तिथेच वाटेला लागून झरा होता. जांभ्या दगडात कोरलेली कुंडी, माणसाच्या कमरेएवढी खोल. वरून बारीक धार पडायची आणि दुसऱ्या अंगानं पोफळीच्या पन्हळीतून पाणी खाली गावातल्या टाकीत जायचं. कुंडीच्या काठावर नारळाच्या करवंटीची डवली, लांब दांड्याची, उपडी घातलेली. म्हणजे पाण्यात कोणी हात घालू नये, डवलीनं घ्यावं.

मी कुंडीत डोकावले आणि मागे सरले. तळाशी कुजका पाला. काठाला हिरवी साय. आणि एक बेडूक, डोळे वर काढून, घरचा मालक असल्यासारखा. हे पाणी गाव पितं? मी तोंड फिरवलं आणि थोडं पलीकडे एका दगडावर बसून बूट काढले, कारण डाव्या पायाला पुन्हा काहीतरी ओलं लागत होतं. ते रक्तच होतं.

पायाशी झटापट चालू असताना भाऊंचा आवाज ऐकला. "अरे अरे, काय करून राहिला गा?"

मी उठून आले तोवर झालं होतं. तो काचेची बाटली झाडून घेत होता. चिमूटभर टाकतात, त्यानं सगळी रिकामी केली होती. पाण्यात जांभळे धूर उतरत होते, एकमेकांत मिसळत होते. बघता बघता कुंडी वांग्याच्या सालीच्या रंगाची झाली. बेडूक उडी मारून बाहेर पडला आणि गेला.

"फार दूषित होतं," तो म्हणाला. "म्हटलं, आपण निघून जाऊ, यांना तरी उपयोग होईल." त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मलाही त्याचं म्हणणं पटलं. नागपुरातल्या विहिरींच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला ते पटणारच.

मग मला पन्हळ दिसली. पोफळीच्या पन्हळीतून जांभळी रेघ खाली उतरत होती, गावाकडे. भाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढून बोळा केला आणि पन्हळीच्या तोंडाशी कोंबला.

तेवढ्यात वाटेनं एक बाई वर आली. चाळिशीची, नऊवारी घोट्यापासून वर खोचलेली, डोक्यावर कळशी, कमरेला दुसरी. आमचं जेवण जिच्या घरी सांगितलं होतं ती हीच, हे नंतर कळलं. आम्हाला बघून ती हसली, कळशी उतरवली, डवली उचलली आणि थांबली.

"ह्या काय केलास?"

मग तोच पुढे झाला. "घाबरू नका बाई. औषध आहे. जंतू मरतात यानं. तुमचं पाणी घाण होतं, आता अर्ध्या तासानं अगदी शुद्ध होईल."

बाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पियाचा पाणी आमचा आसा ता."

"म्हणूनच तर टाकलं. पिऊ शकता तुम्ही."

"बरा," ती म्हणाली. तिनं डवली बुडवली, भरली आणि त्याच्यापुढे धरली. "मगे तुमी पिया आधी."

त्यानं डवलीकडे बघितलं नाही. गळ्यातल्या बाटलीवर हात ठेवला. "नको, माझ्याकडे माझं आहे."

बाई चिडली नाही. तिनं डवली तशीच धरून ठेवली, जरा वेळ. मग ते पाणी बाजूला मातीत ओतलं. माती तपकिरी झाली.

त्या दिवसांत मला बऱ्याच गोष्टींची किळस आली होती, पण ती कातडीवरची होती. जळू काढली की संपली, वास धुतला की गेला. हात बाटलीवर ठेवलेला तो माणूस बघून जी आली ती वेगळ्या जागी बसली. अजून तिथेच आहे.

भाचीनं खांद्यावरची पिशवी उतरवली. बाह्या वर केल्या, बाईच्या कमरेची कळशी मागून घेतली आणि कुंडी उपसायला लागली. बाईही लागली. मग भाऊ, मग मी. धार वरून येतच होती, त्यामुळे उपसावं तेवढं पुन्हा फिकट जांभळं साचे. शेवटी भाची कुंडीतच उतरली आणि तळाचा कुजका पाला हातांनी बाहेर फेकू लागली. मी तो पाला उचलून लांब टाकला. हाताला काय काय लागलं ते लिहीत नाही.

तो काठावर उभा होता. उभं राहण्यात त्याला संकोच दिसला नाही. "अहो, हात काळे होतील तुमचे," तो तिला म्हणाला. "डाग लवकर जात नाहीत त्याचे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि हे सगळं करायची खरं म्हणजे गरज नाही. शास्त्रीय दृष्ट्या..."

"अबे, तू गप राह्य न गा," भाऊ म्हणाले. आमच्या मंडळात भाऊंनी कोणाला असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पाणी नितळ व्हायला ऊन उतरणीला लागलं. तोवर गावातली टाकीही बायकांनी उपसून टाकली होती. जेवण उशिरा झालं. बाईनं लांबच्या विहिरीचं पाणी आणून भात घातला. ते पाणी मचूळ, भाताला खारट चव. तिनं वाढताना एक शब्द काढला नाही. फक्त त्याच्या पानाशी आली तेव्हा भांडं खाली ठेवून म्हणाली, "पाणी वाढू, का तुमच्याकडे तुमचा आसा?" पंगत हसली. तो म्हणाला, आहे माझ्याकडे. त्याला टोमणा कळलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तो शांतपणे लिंबू पिळत होता.

संध्याकाळी सगळे समुद्रावर गेले. काठावर बांबूंवर मासे सुकत टांगलेले, त्यावर माश्यांचे थवे, वाळूत कुत्री. लोक म्हणत होते, काय दृश्य आहे. भाची पाण्याच्या कडेला उकिडवी बसून वाळूनं हात घासत होती. डाग निघत नव्हते. बोटं, नखं, मनगटापर्यंत, जुन्या चहाच्या भांड्यासारखी तपकिरी. मी शेजारी बसले.

परतीच्या गाडीत तो आमच्या समोरच्या बाकावर होता. वर्ध्याच्या पुढे त्यानं मला विचारलं, प्रवासात माझं काही चुकलं का? मी म्हणाले, उतरल्यावर बोलू. बोलले नाही.

नागपूरला आल्यावर माझ्या भावाला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाणी स्वच्छ करायला गेला, एवढंच ना? दारू तर नाही प्यायला?" त्याचं चूक नव्हतं. सांगताना मलाही ते किरकोळ वाटत होतं. जळू किती किळसवाणी आहे हे ज्यानं जळू बघितली नाही त्याला सांगून कळत नाही. त्यानं मुलाच्या आईला निरोप धाडला, होकार समजा, या एकदा घरी. भाचीनं नाही म्हटलं, तेव्हा तिच्याशी त्यानं तीन दिवस अबोला धरला. तिनं डबा भरला, कचेरीत गेली, आली.

मुलाची आई आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. मी मुद्दाम हजर होते. चहा भाचीनं आणला. बशी नव्हे, नुसते कप, पण हात दिसलेच. कातडीचा रंग बराच उतरला होता, नखांच्या कडा अजून काळ्या.

"हे गं काय झालं हातांना? मेंदी म्हणावी तर मेंदी नाही."

"तुमच्या मुलाचं औषध," भाची म्हणाली. "त्यांनी झऱ्यात टाकलं, आम्ही काढलं."

भावानं डोळे मिटून घेतले. पण बाई रागावल्या नाहीत, उलट कौतुकानं हसल्या. "अगं, त्याचं असंच आहे लहानपणापासून. पाण्याच्या बाबतीत फार कडक. आमच्या घरी त्याचा माठसुद्धा वेगळा आहे. औषध टाकून, फडक्यानं गाळून रोज मीच भरते. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नाही त्याला."

"आणि तुम्ही?" माझ्या भावानं विचारलं. त्यानं डोळे उघडले होते.

"आम्ही काय?"

"तुम्ही कोणतं पाणी पिता? त्याच्याच माठातलं?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला आपलं नळाचं. मागल्या साली मला कावीळ झाली तेव्हा मात्र म्हणाला, आई, तू बरी होईपर्यंत माझा माठ शेजारणीकडून भरून घे. तुझे हात नकोत. इतकी काळजी घेणारा आहे तो."

भावानं हातातला कप खाली ठेवला. मग उठला, स्वयंपाकघरात गेला, आमच्या माठातलं पाणी पेल्यात घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या," तो म्हणाला. "ऊन आहे बाहेर. पेढे मात्र परत न्या, ताई. मुलीचं मन नाही."

त्यांनी पाणी सगळं प्यायलं, गटागटा, तहान लागली असावी. मग पेला उपडा घालून ठेवला, पुडा उचलला आणि रिक्षा मिळेल का हे विचारलं. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत मला त्या म्हणाल्या, चांगला मुलगा गमावलात. मी रिक्षावाल्याला महालचा पत्ता नीट समजावून सांगितला.

परत आले तर माझा भाऊ ओसरीत बसून मुलीच्या नखांकडे बघत होता. "लिंबानं जाईल का हे?" त्यानं मला विचारलं.

"लिंबानं जातं," मी म्हणाले. "आधी मीठ लाव."